आजोबांची पॉइंट टू-टू : जपावी कशी, ठेवावी कुठे?

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे नाव 1 ऑगस्ट 2024 रोजी जगभर गेले. तिथल्या शिक्षकाचा मुलगा स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. या प्रकारातले ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षे गेली. स्वप्नीलची आई गावची सरपंच, आणि तो स्वतः मध्य रेल्वेत पुण्याला तिकीट तपासनीस होता. सराव आपल्या बालेवाडीच्या रेंजवर.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. स्वप्नीलच्या हातातली रायफल आणि आपल्याकडच्या काही जुन्या वाड्यांत खुंटीला टांगलेली आजोबांची रायफल, या दोघी एकाच घराण्यातल्या. दोन्ही पॉइंट टू-टू बोअरच्या, दोन्ही हाताने बोल्ट ओढून एकेक काडतूस भरायच्या.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला बंदुकीशी काय देणेघेणे? सांगतो. मुळशी, वेल्हे, भोर, आंबेगाव, जुन्नर भागात गेलो की भुईमुगाच्या नाहीतर भाताच्या बांधावर पहिली तक्रार असते ती रानडुकराची. आणि चहा पिता पिता कोणीतरी हळूच विचारतो, "साहेब, घरात म्हाताऱ्याची टू-टू पडलीय, चालंल का?" या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, एक रायफलीबद्दल आणि एक कायद्याबद्दल. दोन्ही नीट समजून घ्या. वस्तू मोलाची आहे, पण हाताळणी चुकली तर घर अडचणीत येते.

पॉइंट टू-टू म्हणजे काय?

नळीचा व्यास इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस भाग, म्हणजे साधारण 5.6 मिलिमीटर. गोळी शिशाची, वजन 40 ग्रेन, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम. आज जगभर जे काडतूस चालते त्याला लाँग रायफल म्हणतात. ते 1887 साली अमेरिकेत निघाले आणि आजतागायत जवळजवळ तसेच आहे.

या काडतुसाला रिमफायर म्हणतात. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी असते आणि तिच्यावर खिळा बसला की बार उडतो. टू-टूला टोपी नाही. बुडाची जी बाहेर आलेली कड असते, तिच्या पोकळीत स्फोटक मसाला भरलेला असतो. खिळा त्या कडेवर बसतो, कड चेपते आणि बार होतो. म्हणून हे काडतूस स्वस्त पडते, आवाज कमी करते, आणि खांद्याला धक्का जवळजवळ देत नाही. एकदा उडाले की पुन्हा भरता येत नाही, तो नाद करू नये.

बोल्ट-अॅक्शन म्हणजे दाराच्या कडीसारखी रचना. दांडी वर करायची, मागे ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलायची, नवे काडतूस नळीत बसते. दांडी खाली पाडली की कडी लागली. तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली, त्यांना हे सांगायला नको. 1948 साली एनसीसी सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरांनी आयुष्यातला पहिला नेम पालथे झोपून, 25 यार्डांवर, टू-टूनेच धरला आहे.

ब्रनो आणि बीएसए

जुन्या रायफलीच्या नळीवर काय कोरले आहे ते आधी वाचा. आपल्याकडे दोन नावे जास्त ऐकू येतात.

पहिले नाव ब्रनो. हे शहर तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातले. तिथल्या झ्ब्रोयोव्का या कारखान्याच्या ब्रनो नंबर 1 आणि नंबर 2 या टू-टू रायफली दुसऱ्या महायुद्धानंतर निघाल्या आणि जाणकारांत आजही त्यांना मान आहे. शेतकऱ्याला हा कारखाना परका नाही. याच कारखान्यातून 1946 साली झेटर ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि झेटर हे नावच कारखान्याच्या "झेड" या खुणेवरून पडले. 1971 साली आपल्या एचएमटीने पिंजोरला ट्रॅक्टर काढला तो याच झेटरच्या सहकार्याने. ज्यांच्या दारात जुना एचएमटी उभा होता त्यांना चेक लोखंड किती टिकते ते सांगावे लागत नाही.

दुसरे नाव बीएसए. आपल्याला ते सायकलवर पाहायची सवय. पण बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, इंग्लंडातला बंदुकांचा कारखाना. सायकली त्यांनी नंतर काढल्या. जुन्या बीएसएच्या मालावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण असते. ती कंपनीची मूळ ओळख.

याखेरीज जर्मनीची आन्शुट्झ आहे. ती खास नेमबाजीच्या खेळाची, आणि तिची मॅच 54 ही बनावट 1954 पासून नावाजलेली आहे. आपल्या आयुध कारखान्यांनीही स्पोर्टिंग रायफली काढल्या. त्यांत ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची .315 खेड्यांत जास्त दिसते. पण ती टू-टू नव्हे. तिचे काडतूस मोठे आणि जोर कित्येक पटींनी जास्त. दोघींची गल्लत करू नका.

ऐंशीच्या दशकात सरकारने बंदुकांच्या खासगी आयातीवर निर्बंध आणले. सवलत राहिली ती मुख्यतः नावाजलेल्या नेमबाजांना. त्यामुळे त्याआधी आलेली ब्रनो किंवा बीएसए आता नव्याने सहज मिळत नाही. जी आहे तीच. म्हणून म्हणतो, घरात परवान्याची अशी रायफल असेल तर ती भंगार समजू नका.

हिची गोडी कशात?

बंदूक म्हटले की लोकांना धडाका आठवतो. टू-टूची गोडी नेमकी उलट आहे. जुना ब्रनो हातात घेऊन बोल्ट मागेपुढे करून पाहा. लोखंड लोखंडावर तेल लावल्यासारखे सरकते, कुठे खडखड नाही. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, रेषा उठून दिसणारा, वर्षानुवर्षे हात लागून गुळगुळीत झालेला. नळीवर निळसर काळा मुलामा. ज्याने चांगला किर्लोस्करी नांगर वापरला, ज्याला पाभरीच्या दांडीचा तोल कळतो, त्याला या कारागिरीची किंमत लगेच कळेल.

दुसरी गोडी शिस्तीची. एका वेळी एकच गोळी, त्यामुळे श्वास, बोट आणि डोळा तिघांना एकत्र आणावे लागते. ऑलिंपिकच्या 50 मीटर लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर रुंद असते. म्हणजे काबुली हरभऱ्याचा एक दाणा. तो 50 मीटरवरून टिपायचा, तोही गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण घेऊन सुवर्ण मिळवले, ते याच टू-टूवर. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला. ताकदीचा खेळ असता तर हे चित्र वेगळे दिसले असते. हा स्थिरपणाचा खेळ आहे, आणि पहाटे उठून राबणाऱ्या घरातल्या मुलामुलींकडे स्थिरपणा असतो.

रानडुकरासाठी टू-टू? नाही म्हणजे नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रानडुकरावर टू-टू चालवू नका. कारणे तीन.

पहिले, ती त्या कामाची नाही. अडीच ग्रॅमची शिशाची गोळी रानडुकराची जाड कातडी आणि चरबी यांत अडकते. जनावर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर उसात शिरले की दुसऱ्या दिवशी खुरपायला गेलेल्या बाईमाणसाच्या जिवावर बेतते.

दुसरे, गोळी लांब जाते. आवाज लहान म्हणून पल्ला लहान असे नाही. टू-टूची गोळी दीड मैल, म्हणजे सुमारे 2.4 किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. कडक जमिनीवर किंवा पाण्यावर आदळली की उसळून भलतीकडे जाते. तुमच्या शिवारापासून अडीच किलोमीटरात किती वस्त्या, किती गोठे आहेत ते मोजा.

तिसरे, कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे हा गुन्हा आहे. शेतसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो, पण शस्त्र कायदा 1959 च्या कलम 13 मध्ये त्यासाठी नाव आहे ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. टू-टू रायफलीचा उल्लेख त्याच कलमात आहे, पण तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाने लक्ष्यावर सराव करण्यासाठी. कायद्याने तिचे काम ठरवून दिले आहे : शेत राखणे नव्हे, नेम शिकणे.

पीक गेले तर बार काढण्यापेक्षा अर्ज करा. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनखाते देते. नुकसान दिसले की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, तलाठी आणि शेतीखात्याच्या माणसालाही सांगा. पंचनामा होईपर्यंत वावर नांगरू नका. सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा.

म्हातारा गेला, रायफल राहिली

सर्वांत जास्त लोक इथे अडकतात. परवाना माणसाच्या नावाने असतो, घराच्या नावाने नाही. परवानाधारक वारला की ती रायफल घरात ठेवण्याचा हक्क त्या दिवसापासून कुणाकडेच राहत नाही. मुलगा म्हणतो, बापाची वस्तू आहे, माळ्यावर असू दे. पुढे दहा वर्षांनी भावाभावांत वाटणीवरून वाजते, कुणीतरी ठाण्यात कळवतो, आणि बिनपरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा दाखल होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान 2 आणि कमाल 5 वर्षे कैद आहे. रायफल पन्नास-साठ वर्षांची जुनी आहे, चालत नाही, कधी वापरलीच नाही, या सबबींनी सुटका होईल असे धरून चालू नका.

मग करायचे काय? कायद्याच्या कलम 21 प्रमाणे विलंब न लावता रायफल आणि काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा. पावती घ्या. पावतीवर कंपनी, बोअर आणि नळीवरचा नंबर लिहून घ्या. नंतर वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. शस्त्र नियम 2016 मध्ये वारसासाठी वेगळी तरतूद आहे. इतर वारसांचे ना-हरकत पत्र लागते, ते आधीच मिळवा. वारसाला परवाना मिळाला की रायफल रीतसर घरी येते. जमा करून विसरू मात्र नका. मुदतीत सोडवली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते.

याहून सोपी वाट म्हातारपणीच धरता येते. परवानाधारक 70 वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे 25 वर्षे झाले, यांतले जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. घरात सत्तरीचे आजोबा असतील तर या महिन्यातच हा विषय काढा.

अर्ज कुणाकडे? पुणे शहरात पोलीस आयुक्तांकडे. पिंपरी-चिंचवडला 2018 पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे. बाकी ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय नोंदीतला एक विशिष्ट क्रमांक लागतो. जुन्या पुस्तकावर तो चढला आहे का, ते पाहून घ्या. परवान्याची मुदत पूर्वी 3 वर्षे होती, 2019 च्या दुरुस्तीने 5 वर्षे झाली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि वारसाने आलेले शस्त्रही त्यात मोजले जाते.

विकायची असेल तर आठवडी बाजारातल्या सौद्यासारखी विकता येत नाही. घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि विक्रीआधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. "साहेबांना हवीय, गुपचूप द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणखी एक. भीमाशंकर, मयूरेश्वर-सुपे, ताम्हिणी अशा अभयारण्यांच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या शस्त्राची नोंद वनखात्याकडे करायची असते. त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. अर्ज रखडला की आधी हे तपासा.

जपणूक

मावळ-मुळशीच्या पावसात कोयता चार दिवसांत गंजतो, तिथे नळीचे काय सांगावे! एका जुन्या घरात चुलीच्या वर टांगलेली रायफल पाहिली होती. उबेला राहते म्हणून तिथे टांगली होती. धुराने दस्ता तडकला होता आणि नळीवर काजळीखाली गंज धरला होता. परवाना मात्र चालू! अशी चांगली वस्तू वाया घालवू नका.

साफ करण्याआधी बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, नळीच्या मागच्या तोंडात डोळ्याने पाहा आणि बोटाने चाचपा. रिकामी आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास नाही.

बऱ्याच टू-टूंत चाप दाबून धरला की बोल्ट पूर्ण बाहेर निघतो. तो काढून नळी मागच्या बाजूने साफ करा. पुढच्या तोंडातून सळई घातली तर तोंडाची कड झिजते आणि नेम कायमचा बिघडतो. नळी उजेडाकडे धरून पाहा. आतल्या पिळाच्या रेषा सरळ, चकचकीत दिसल्या तर नळी निरोगी.

तेलाचे नीट समजून घ्या. लोखंडाला शिलाई मशीनसारखे पातळ तेल, तेही पुसट. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावू नका, ते चिकटते आणि बोल्ट जाम होतो. लाकडाला जवसाचे तेल उत्तम, कारण ते वाळून पापुद्रा धरते. नेमके त्याच गुणामुळे ते लोखंडाच्या चालत्या भागांना वाईट. पॉलिश पेपरने गंज घासू नका, मुलामा जातो. आणि नळीवरचा नंबर खरवडला गेला तर तो स्वतंत्र गुन्हा होतो.

रिकामी रायफल खटाखट वाजवून दाखवायची हौस टाळा. रिमफायरचा खिळा कडेवर बसतो. तिथे काडतूस नसले तर तो नळीच्या काठावर आदळून खाच पाडतो.

बार उडाला नाही तर रायफल लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज फुसका आला तर पुढचे काडतूस भरण्याआधी नळीत गोळी अडकली नाही ना, ते पाहा.

चामड्याच्या किंवा कापडी खोळीत कायम ठेवू नका, ओल धरते. रायफल एका कुलपात, बोल्ट दुसऱ्या, काडतुसे तिसऱ्या. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. घरात लेकरे असतील तर यापेक्षा स्वस्त सुरक्षा नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जमा करायची नोटीस आली तर तेल लावून, पावती घेऊन जमा करा. निकालानंतर आठवणीने आणा. वरातीत, जत्रेत, निकालाच्या गुलालात हवेत बार काढणे आता थेट गुन्हा आहे : 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मुलांना शिकायचे असेल तर

घरची रायफल देऊन नव्हे, रेंजवर पाठवून शिकवा. सुरुवात एअर रायफलने होते. 0.177 इंची, म्हणजे 4.5 मिलिमीटर बोअरची आणि 20 ज्यूलच्या आत जोर असलेली एअर रायफल ठेवायला शस्त्र परवाना लागत नाही. बालेवाडीचे क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले. 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. पौड किंवा घोटवड्याहून ते फार लांब नाही. स्वप्नील नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. तसे प्रवेश शाळकरी वयातच होतात, तेव्हा शाळेच्या क्रीडाशिक्षकाला आत्ताच विचारा. कॉलेजात गेलेल्या मुलामुलींनी एनसीसीत नाव घालावे.

सरपंच, पोलीसपाटील आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. गावात किती परवाने आहेत, त्यांतले किती धारक हयात आहेत आणि किती सत्तरीपुढचे आहेत, याची पोलीस ठाण्याशी ताडून यादी करा. एका ग्रामसभेत पंधरा मिनिटे या विषयाला द्या. ज्या घरी परवानाधारक वारला असेल तिथे धमकी न देता समजावून सांगा. लोक रायफल लपवतात ते बहुतेक वेळा भीतीने आणि माहिती नसल्याने. कागद सरळ असले तर तीच रायफल आणखी एक पिढी चांगली राहील.